फाटकाबाहेरचा परदेश

बडा बाजारात मटारच्या शेंगांचे ढीग लागले की माझं डोकं फिरतं. यात शेंगांचा काय दोष म्हणा! बिचाऱ्या दरवर्षी थंडीबरोबर येतात, हातगाड्यांवरून खाली सांडतात आणि मग दोन महिने सगळी झाशी मटारच खात असते. पोह्यात मटार, खिचडीत मटार, कचोरीत मटार. मी भाजीवाल्याला "भैया, आलू दे दो, गोभी दे दो" म्हणते आणि त्या हिरव्या ढिगाकडे न बघता पुढे सटकते. काल मात्र आईनेच दोन किलो शेंगा आणल्या, परातीत ओतल्या आणि परात माझ्यासमोर सरकवली. "कब तक नखरे करेगी? बैठ," म्हणाली. बसले. अंगठ्याचं नख शेंगेच्या शिवणीत घातलं आणि सहा वर्षांपूर्वीची ती थंडी आठवायला लागली. न आठवून सांगते कुणाला!

आमचं घर दतिया गेटजवळ. कुठल्याशा पिढीतले पूर्वज कारभाराच्या निमित्ताने महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच होऊन बसले. आडनाव मराठी, देवघर मराठी, कटाची आमटी मराठी, आणि बोलणं हिंदी. आई-बाबा एकमेकांशी मराठीत बोलायचे, भांडायचं असलं तर हमखास, पण माझ्याशी हिंदीच. पोर शाळेत मागे पडेल ही बाबांची धास्ती. घरात फक्त काकांनी हे मानलं नाही. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, कचेरीत कारकुनी केली, आणि उरलेल्या वेळात मला वाढवलं. बाबा गेल्यावर तर घरात ते, आई आणि मी, एवढीच माणसं. काका माझ्याशी जन्मापासून मराठीत बोलले आणि मी त्यांना जन्मापासून हिंदीत उत्तरं दिली.

"काय ग बेबी, जेवण खाऊन घेतलंस?"

"हाँ काका, खा लिया. तुम चाय पियोगे?"

"टाक अर्धा कप."

पंचवीस वर्षं हे असंच चाललं. बाहेरच्यांना गंमत वाटायची. आम्हाला दोघांना त्यात काही वावगं आहे हे कधी जाणवलंच नाही.

मी अगदीच बोलले नव्हते असं नाही. नऊ वर्षांची असताना नागपूरला एका लग्नात मोठ्या हौसेने दोन वाक्यं बोलले. मावसबहिणी हसल्या, त्यांच्या मैत्रिणी हसल्या, मग त्यांनी मला बाकीच्या बायकांसमोर नेऊन तीच वाक्यं पुन्हा बोलायला लावली. मी काकांच्या धोतराआड जाऊन उभी राहिले ती लग्न संपेपर्यंत. त्यानंतर मी मराठी ऐकली भरपूर, तोंडातून मात्र काढली नाही. काकांनी कधी आग्रह धरला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र अधूनमधून म्हणायला लागले, "एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय ग. चार वाक्यं. बस."

तर अशी मी, आणि त्यात विद्यापीठात ते भाषा-निवास निघालं. आवाराच्या टोकाला एक रिकामा बंगला पडून होता. तिथे दहा मुली राहणार, एक सत्र, आणि उठल्यापासून निजेपर्यंत सगळं मराठीत. भांडण मराठीत, आंघोळीचा नंबर मराठीत, पोटात दुखलं तरी मराठीत. कुणाला पुण्याच्या इस्पितळात नोकरी हवी होती, कुणी हौसेने आली होती. माझ्या खोलीतली राधा मऊरानीपूरच्या धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिला जुनी मराठी कागदपत्रं वाचायची होती. घरात बुंदेली, दुकानात हिंदी, सात पिढ्यांत कुणाला मराठीचा वाराही लागला नव्हता. पण बाई अशी बिनधास्त की दुसऱ्या दिवसापासून मोडकंतोडकं दामटून बोलायला लागली.

नीलाताई आमच्या शिक्षिका. पुण्याहून आलेल्या, किडकिडीत, स्वेटरवर शाल आणि शालीवर आणखी एक शाल. पहिल्या दिवशी माझं आडनाव वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, तू तर आपलीच. मग इथे काय करतेस?"

"समझती सब हूँ मैडम, बोलना नहीं आता," मी म्हटलं.

"झालं! पहिल्याच मिनिटाला शेंगा," नीलाताई म्हणाल्या, आणि अर्धा किलो मटार माझ्या पुढ्यात आला.

ती तिथली शिक्षा होती. आत हिंदीचा शब्द निघाला की ओंजळभर शेंगा सोलायच्या. इंग्रजीला सूट होती थोडी, हिंदीला नाही, कारण जीभ घसरायची ती हिंदीवरच. पहिल्या महिन्यात आम्ही इतके मटार सोलले की नखं हिरवी झाली आणि स्वयंपाकाच्या मावशी कंटाळून म्हणाल्या की पोरींनो, आता कुणीतरी मराठी बोला, भाजीला दुसरं काही आणता येईल.

दुसरा नियम फाटकाचा. मराठी सोडून काही बोलायचं असेल, घरी फोन करायचा असेल, तर फाटकाबाहेर जायचं. बाहेर कडुलिंबाखाली एक दगडी बाक होता. त्याला आम्ही 'परदेश' म्हणायचो. "मी जरा परदेशी जाऊन येते" म्हणत पोरी शाल गुंडाळून निघायच्या. पौषातल्या त्या कोहऱ्यात, म्हणजे धुक्यात, (काका कोहराच म्हणायचे, मीही तेच म्हणते) फाटकापासून बाकही दिसायचा नाही. नुसता आवाज यायचा. कुणी आईला "हाँ, खा लिया" सांगतेय, कुणी धाकट्या भावाला झापतेय. कोहऱ्यात बसून आपल्याच घरच्या भाषेत बोलताना चोरी केल्यासारखं वाटायचं.

मी रोज संध्याकाळी परदेशी जायची आणि काकांना फोन लावायची. इथेच माझं चुकलं, ते आत्ताच सांगून टाकते. काकांशी बोलायला बाहेर जायची काहीच गरज नव्हती. मी खोलीत बसून, रजईत पाय घालून, त्यांच्याशी हवं तितकं मराठी बोलू शकत होते. नीलाताईंनी उलट शाबासकी दिली असती. पण माझा बेत वेगळा होता. काकांना तोडकंमोडकं ऐकवायचं नाही. नागपूरला त्यांनी माझी फजिती पाहिली होती. आता ऐकतील तर अस्खलितच ऐकतील, अगदी सत्र संपल्यावर, घरी जाऊन, एकदम. तोपर्यंत त्यांच्यासाठी मी हिंदीच बोलणार. केवढी अक्कल!

"बोलतेस का ग तिथे?" काका विचारायचे.

"सीख रहे हैं काका."

"मग बोल की दोन शब्द."

"अभी नहीं. ठीक से आ जाए, फिर."

"बरं बाई," म्हणायचे, आणि मटार आले का बाजारात, विचारायचे.

इकडे नीलाताई मला घासूनपुसून काढत होत्या. माझ्या डोक्यात साठलेली मराठी सगळी काकांची. अर्धी दोनशे वर्षांपूर्वीची आणि अर्धी इथल्या पाण्याने भिजलेली. मी आमटी वाढायला ओगराळं मागितलं तर ताई म्हणाल्या, "कुठल्या जमान्यातली ग तू? डाव म्हण." मी कुणाला "जेवण खाल्लंस का" विचारलं तर, "जेवलीस का. जेवण खात नाहीत." मी वाक्याच्या शेवटी 'जी' लावलं की त्या टेबलावर बोटाने टकटक करायच्या. मला राग यायचा, पण तेवढाच. मला चांगलं यायला हवं होतं. त्या काढत गेल्या आणि मी काढू देत गेले. संक्रांतीपर्यंत माझ्या बोलण्यात झाशी औषधालाही उरली नाही.

त्याच सुमाराला एका सकाळी काका स्वतःच आले. रिक्षा करून, कानटोपी, मफलर, आणि हातात तिळाच्या वड्यांचा डबा. बाहेरची माणसं आत घ्यायची नाहीत असा नियम होता, पण फाटकाशी त्यांनी "बेबी आहे का जी आत?" विचारलं आणि नीलाताई खूश झाल्या. "अहो, या ना! तुम्ही तर आमच्या नियमात बसता." काका आत आले. वऱ्हांड्यात राधा शेंगा निवडत बसली होती. तिने उठून खुर्ची दिली.

"बसा काका. चहा घेणार? थंडी फार आहे ना आज?"

काका तिच्याकडे बघत राहिले. "कुठली ग तू?"

"मऊरानीपूरची."

"आणि कधीपासून शिकतेस?"

"दोन महिने झाले. चुकते अजून," राधा हसली.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते खूश झाले होते, आणि त्या खुशीत मी नव्हते. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवून बाहेर नेलं. फाटकाबाहेर, त्या गारठलेल्या बाकावर. जो माणूस त्या घरात हक्काने बसू शकत होता, त्याला मी ओढून परदेशी नेलं, का, तर मला त्याच्याशी हिंदीत बोलता यावं म्हणून.

"ती मऊरानीपूरची पोर बोलते ग," काका म्हणाले.

"हम भी बोलेंगे काका. बस थोड़े दिन."

"होय होय," ते म्हणाले. वडीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मग थोड्या वेळाने विचारलं, "मटार आले का बाजारात?" आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर मटारचा हातगाडा उभा होता. मी म्हटलं, "आ गए काका," आणि रिक्षा थांबवली.

पुढे फोनवरही हे होत गेलं. एका संध्याकाळी त्यांनी तीनदा विचारलं, जेवण खाऊन घेतलंस का. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दिवे लागले, तू अजून खेळतेस कुठे? घरी ये." मी हसले. मला थंडी वाजत होती, आत गरम खिचडी होती. मग आईचा फोन आला. ती म्हणाली, "काका आजकल बहुत भूलने लगे हैं. एक दिन आ जा." दतिया गेट तिथून चार किलोमीटर. नीलाताईंना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या. मी आईला सांगितलं, "बस दस दिन और, माँ. ख़त्म हो जाए, फिर आती हूँ." दहा दिवसांनी शेवटचा कार्यक्रम होता आणि मला त्यात बोलायचं होतं.

बोलले. पाच मिनिटं, कागद न घेता. काकांवरच बोलले. राधा रडली. नीलाताईंनी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "आता तुला कोणी झाशीची म्हणणार नाही." मी ते वाक्य दागिना मिळाल्यासारखं मिरवत घरी नेलं.

दुपारचे तीन वाजले असतील, पण सूर्य नव्हताच. काका पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"काका, मी आले. कसे आहात तुम्ही? तब्येत बरी आहे ना?"

काका लगबगीने उठले. मफलर सारखा केला, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं.

"या, या. बसा. वहिनी, पाहुण्या आल्यात, चहा ठेवा जी!" आणि मग माझ्याकडे वळून, "आपण पुण्याकडच्या का?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांना सवय होती. मी म्हटलं, "काका, अहो मी! तुम्हाला ऐकायचं होतं ना माझ्या तोंडून? बघा, आलं मला." आणि कार्यक्रमातलं भाषण तसंच्या तसं बोलत सुटले. ते मान डोलवत ऐकत राहिले.

"किती छान बोलता हो आपण," ते म्हणाले. "ऐकत राहावंसं वाटतं. आमची पण एक पोर आहे. बेबी. तिला समजतं सगळं, बोलत नाही. लाजते." मग जरा पुढे झुकून, "सध्या होस्टेलात आहे. आपली भेट झाली तर शिकवा तिला थोडं."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाची पातेली धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. मला रडू फुटलं. मी त्यांच्या गुडघ्यांपाशी खाली बसले.

"काका, हम हैं. हम."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, चेहरा वर केला, आणि त्यांचे डोळे ओळखीने भरून आले. "अगं बेबी! कधी आलीस? जेवण खाऊन घेतलंस?" मग खिडकीतून बाहेर कोहऱ्यात बघत हळहळून म्हणाले, "थोडक्यात चुकलीस ग. आत्ता एक बाई आल्या होत्या. काय सुरेख बोलत होत्या!"

त्यानंतर काका दोन थंड्या होते. त्यांच्या हिशेबी मराठी बोलणारी ती कुणीतरी परकी बाई, आणि बेबी म्हणजे हिंदी. हे मला कळायला वेळ लागला नाही, पचायला लागला. मग मी दोन्ही झाले. दुसरं करणार काय? दिवसभर बेबी. हिंदीत औषध द्यायचं, हिंदीत रागवायचं, हिंदीत कानटोपी चढवायची. आणि कधी संध्याकाळी ते उदास दिसले की मी दाराबाहेर जायची, अंगणात जरा थांबायची, कडी वाजवायची आणि मराठीतून "येऊ का?" विचारायची. त्यांना किती आनंद व्हायचा त्या बाईंचा! कचेरीच्या गमती सांगायचे, बाबांच्या लहानपणच्या खोड्या सांगायचे. माझ्याविषयीही सांगायचे. बेबी लहानपणी नागपूरला धोतर धरून उभी होती, तेही त्यांनी मला सांगितलं. "त्या दिवशी मी त्या पोरींना दोन शब्द सुनवायला हवे होते," म्हणाले. "नाही सुनवले. तेव्हापासून ती बोलली नाही." आईला माझं हे जाणं-येणं सोसायचं नाही. ती आत जाऊन उगाच भांडी घासायची.

दुसरी थंडी अर्धी झाली असेल. काका खूप थकले होते, बोलणंही कमी झालं होतं. मी पाहुणी होऊन बसले होते आणि हात रिकामे नकोत म्हणून परातीतल्या शेंगा सोलत होते. काका बराच वेळ त्याकडे बघत होते.

"बाई, एक काम कराल?"

"सांगा ना."

"आमच्या बेबीला एक निरोप द्या. मी सांगत नाही, तिला वाईट वाटतं. तुमचं ऐकेल." दम लागला म्हणून थांबले. "म्हणावं, चुकीचं बोललीस तरी चालेल. कसंही बोल. मी हसणार नाही."

"सांगते," मी म्हटलं.

"आठवणीने सांगा जी. आणि जपून जा, कोहरा फार आहे."

मी उठले. बाहेर जाऊन अंगणात उभी राहिले. समोरची भिंतही दिसत नव्हती. ठरवलं, आता आत जायचं आणि त्यांच्याशी चुकीचं बोलायचं. नऊ वर्षांच्या बेबीसारखं, राधासारखं, तोडकंमोडकं, हिंदी मिसळलेलं. तेवढं ऐकलं की ओळखतील. नागपूरच्या लग्नातली ती दोन वाक्यं आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. आठवली नाहीत. एखादं वाक्य मनात मोडून पाहावं तर ओठांपर्यंत येताना ते आपोआप सरळ होत होतं, नीलाताईंनी लावलेल्या वळणाचं. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी आत गेले.

काकांनी मान वळवली. त्यांना आठवत होतं.

"आलीस बेबी? बाई भेटल्या का ग बाहेर? निरोप दिला त्यांनी?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे स्वच्छ, नीटस, पुण्याची मराठी होती, आणि त्यातलं एक वाक्य जरी बोलले असते तरी त्यांनी मफलर सारखा करून मला 'या, बसा' म्हटलं असतं.

"हाँ काका," मी म्हटलं. "मिल गया."

"मग?" काका म्हणाले, आणि वाट बघत राहिले.